डोळ्यांत तेल घालून वाचावे

सर्वप्रथम आपले डोळे खरोखर कोरडे आहेत याची खात्री करून घ्यावी. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण कोरड्या डोळ्यांचं एक ठळक लक्षण म्हणजे त्यांतून घळाघळा पाणी वाहणं. हे वाचून नुसतं हसू आलं असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. हसता हसता रुमाल काढावा लागला असेल, तर मात्र नीट बसून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, मुक्काम पिंपळनेर, तालुका साक्री. दुपारी वारा सुटला की बाजारपेठेतून जाताना दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवून विचारतं, "काय व्हयनं मास्तर?" पूर्वी मी खुलासा करायचो. डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं, संध्याकाळी आग होते, मग डोळा घाबरून पाणी सोडतो, वगैरे. हे सांगेपर्यंत समोरच्याची एसटी निघून जायची. आता एकच शब्द सांगतो : "कांदा". या गावात तेवढं पुरतं.

कांद्याचा मुद्दा आधीच निकालात काढू, कारण मला सगळ्यांत जास्त सुचवला गेलेला उपाय तोच आहे. युक्तिवाद असा, की डोळ्यांत पाणी नाही ना, मग रोज दोन कांदे चिरा. मी चिरले. दोन कसले, दोन किलो चिरले. ओसरीवर बसून, चष्मा काढून, शास्त्रशुद्ध. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, एरवी वेगळी राहणारी द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि गंधकाचं एक उडून जाणारं संयुग तयार होतं. ते बुबुळाच्या नसांना झोंबलं की डोळा धुऊन काढायला पाणी सुटतं. त्यामागचं खास विकर जपानी संशोधकांनी २००२ साली शोधलं आणि त्याबद्दल २०१३ साली त्यांना इग नोबेल मिळालं. माझ्या प्रयोगाबद्दल मला फक्त बायकोचा शेरा मिळाला. "बरं झालं, मसाल्याचा कांदा भाजायचाच होता."

तात्पर्य असं, की झोंबून येणारं पाणी हे अग्निशामक दलाचं पाणी. आग लागली की बदाबदा येतं आणि वाहून जातं. त्यावर शेती होत नाही. डोळ्याला हवं असतं ते रोजचं, न दिसणारं, पापणीखाली पसरून राहणारं पाणी. ते पहिल्या प्रकारचं, झोंबून येणारं दुसऱ्या. तिसरं पाणी भावनेचं. कांदा या पिकाचा मोठेपणा असा, की तो चिरताना दुसऱ्या प्रकारचं पाणी येतं आणि विकताना तिसऱ्या प्रकारचं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, त्यानंतर आमच्या बाजारात कांद्याला सुरी न लावताच कितीतरी डोळे ओले झालेले मी पाहिले आहेत. पहिल्या प्रकारचं पाणी मात्र कोणताही कांदा देत नाही.

आता तपासणी. त्यासाठी साक्री ओलांडून धुळ्याला गेलो. (पहिल्यांदा गेलो होतो एका चष्म्याच्या दुकानात. तिथे नंबर बदलला, फ्रेम बदलली, डोळे तेच राहिले.) डॉक्टरीणबाईंनी टिपकागदाची एक चिंचोळी पट्टी घेतली, तिचं टोक दुमडलं आणि खालच्या पापणीच्या आत अडकवून दिलं. दोन्ही डोळ्यांना दोन पट्ट्या. म्हणाल्या, "डोळे मिटून पाच मिनिटं शांत बसा." शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरने ही चाचणी १९०३ साली काढली आणि तिच्यात अजून काहीही बिघडण्यासारखं नाही. कागदावर मिलिमीटरच्या रेघा असतात. पाच मिनिटांत ओल दहा-पंधरा रेघांपर्यंत चढली तर ठीक. माझी उजवीकडे चारवर थांबली, डावीकडे सहावर. चाळीस वर्षं मुलांना पस्तिसाला पास करत आलो आणि इथे पंधरापैकी चार. बाकावर शेजारी बसलेल्या आजीबाई माझ्या गालांवर लोंबणाऱ्या पट्ट्या पाहून त्यांच्या नातवाला हळूच म्हणाल्या, "यास्ना भाव लिखेल शे का?"

मग पिवळा रंग घालून निळ्या उजेडात दुसरी तपासणी झाली. पापणी उघडी ठेवली की डोळ्यावरचा पाण्याचा पडदा किती वेळ सलग टिकतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर गडबड. माझा बाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत फाटला.

"तुमच्या डोळ्यांत तेल कमी आहे," बाई म्हणाल्या.

हे वाक्य नीट लक्षात ठेवावं. आपली भाषा किती पुढे होती पाहा. डोळ्यांत तेल घालून राखण करायला आपल्या पूर्वजांनी सांगितलं, आणि पापणीच्या काठावर तेलाच्या बारीक ग्रंथींची रांगच असते हे मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने १६६६ साली सविस्तर लिहिलं. ग्रंथींना नाव त्याचं मिळालं. वाक्प्रचाराचं पेटंट घ्यायचं आपल्याकडे राहून गेलं.

ही सगळी व्यवस्था पिंपळनेरच्या माणसाला समजावून सांगायला मला फारसा त्रास पडत नाही, कारण आम्ही पांझरेकाठचे. पांझरेवर शेकडो वर्षं फड पद्धतीने पाणी फिरलं. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, पाणी सोडायला पाटकरी, रात्री राखणीला जागल्या. डोळ्याचंही तसंच. वरच्या पापणीआड बाहेरच्या बाजूला अश्रूंची ग्रंथी, म्हणजे धरण. पापणी हा पाटकरी. ती लवते तेव्हा पाणी सगळ्या शिवारावर सारखं पसरतं. नाकाकडच्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं, तिथून उरलेलं पाणी नाकात उतरतं. रडताना नाक गळतं ते यामुळेच. तळाला चिकट द्रवाचा थर असतो, म्हणून पाणी बुबुळावर धरून राहतं. आणि सगळ्यांत वर तेलाची साय, पाणी उडू नये म्हणून. धरणांतल्या पाण्याची वाफ होऊ नये यासाठी वर रसायनाचा पातळ थर पसरायचे प्रयोग आपल्या देशात झाले. डोळा ते जन्मापासून करतोय, निविदा न काढता.

माझ्याकडे धरणात पाणी कमी आणि सायही आटलेली. दोन्ही खात्यांचा संप.

साय परत आणण्याचा उपाय म्हणजे शेक. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावा, मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवावा, निवला की पुन्हा गरम करावा. पापणीत थिजलेलं तेल त्याने पातळ होतं. मग बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, काठाकडे हलकेच दाबत यावं. तेल पातळ व्हायला साधारण चाळीस अंश तापमान लागतं. मे महिन्यात आमच्याकडे त्यासाठी चूल पेटवायची गरज नाही. रुमाल ओसरीवर ठेवावा आणि लक्ष ठेवावं, नाहीतर भाजतो.

शेक सुरू केला की पंचक्रोशीतले वैद्य जमतात. मला गुलाबपाणी, मध, एरंडेल, गाईचं तूप, घरचं काजळ आणि नुकत्याच बाळंत झालेल्या भाचीचा दाखला देऊन आणखी एक गोष्ट सुचवली गेली, ती इथे लिहीत नाही. यांतलं काहीही डोळ्यांत घालू नये. स्वयंपाकघरातली वस्तू जिभेला चालते म्हणून बुबुळाला चालत नाही. बुबुळाला जंतूंची लागण झाली तर कोरडेपणाची आठवण गोड वाटेल. शेजारचे आप्पा यावर रागावले. म्हणाले, "आमना बाप आयुष्यभर मध घाली गया." मी विचारलं, शेवटी दिसत होतं का? आप्पांनी विषय बदलला.

जवसाबद्दल मात्र थोडं आदराने बोलायला हवं. जवसात आणि माशाच्या तेलात जे ओमेगा-३ असतं, त्याने डोळे ओले राहतात असं पुष्कळ वर्षं सांगत. २०१८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात काहींना वर्षभर माशाचं तेल दिलं आणि काहींना, न सांगता, ऑलिव्हचं. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. तेव्हा जवसाची चटणी जरूर खावी, कळण्याच्या भाकरीसाठी खावी. डोळ्यांना मध्ये आणू नये.

एक ताकीद इथे गंभीरपणे देतो. औषधाच्या दुकानात जाऊन "डोळे लाल होतात, काहीतरी द्या" म्हणू नये. दुकानदार काहीतरी देतो. लाली घालवणारे थेंब तेवढ्यापुरते डोळे पांढरेशुभ्र करतात आणि सोडले की लाली दामदुप्पट येते. स्टेरॉइडचे थेंब स्वर्गसुख देतात, पण विचारल्याशिवाय महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू नाहीतर मोतीबिंदू होऊ शकतो. सर्दीच्या गोळ्यांनीही डोळे सुकतात. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. ग्रंथीच सुकवणारा एक आजार असतो, तो श्योग्रेन या स्वीडिश डॉक्टरने १९३३ साली उलगडून दाखवला. आणि डोळा ठणकायला लागला, उजेड सोसेना किंवा दिसायला कमी आलं, तर हे मार्गदर्शन खाली ठेवून पहिली गाडी पकडावी.

वाऱ्याबद्दल काय सांगावं? आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं आहे. कंपन्यांनी जागा शोधताना यंत्रं लावून वारा मोजला म्हणतात. मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. मोटारसायकलवर चरणमाळ घाटाकडे जाताना जो वारा डोळ्यांत शिरतो, त्यावर एखाददुसरा बल्ब सहज लागेल. उपाय एकच, कडेने बंद असलेला गॉगल. मास्तरने या वयात गॉगल लावला की काय बोललं जातं, त्याची तयारी ठेवावी. वरून बागायती रुमाल गुंडाळला तर मास्तर ओळखू येत नाही आणि प्रश्न सुटतो; फक्त ज्यांच्याकडे आपली उधारी आहे ते जास्त प्रेमाने रामराम करतात. घरात कूलरच्या तोंडासमोर झोपू नये. चुलीच्या धुरापाशी बसू नये, हा सल्ला मी घरात एकदाच दिला. "मग भाकरी कोण टाकणार?" या प्रश्नावर मार्गदर्शन संपतं. बायकोचेही डोळे कोरडे निघाले, हे पुढच्या तपासणीत कळलं. पाळी गेल्यावर बायकांना हा त्रास जास्त होतो. तिला तो आठ वर्षांपासून होता; आम्ही त्याला धूर म्हणत होतो.

आता पापणी. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो. मोबाइल हातात आला की ते प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं आणि पापणी अर्धीच मिटते. म्हणजे पाटकरीच मोबाइल बघत बसला. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघावं आणि पापण्या पूर्ण मिटून, एक-दोन मोजून, उघडाव्यात. हा व्यायाम कुठेही करता येतो असं बाई म्हणाल्या. कुठेही करता येत नाही. मी तो उपबाजारात, माझ्याच कांद्याच्या ट्रॅक्टरपुढे, लिलाव सुरू असताना केला. व्यापाऱ्याने भाव पुकारला, मी डोळे मिटून दोन मोजत होतो, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर कबूल शे!" डोळे उघडेपर्यंत ट्रॅक्टर काट्याकडे निघाला होता. क्विंटलमागे जे गेलं ते गेलं, त्या दिवशी पाणी मात्र तिसऱ्या प्रकारचं आलं.

एवढं करूनही भागलं नाही तर नाकाकडच्या भोकांत तांदळाच्या कणीएवढं बूच बसवतात, म्हणजे असलेलं पाणी वाहून जात नाही. पाणी अडवा, पाणी जिरवा. सरकारी योजनेत अर्ज करावा लागतो, इथे पाच मिनिटांत होतं.

शेवटी उरतात थेंब, नकली अश्रू. औषधाच्या दुकानात असं मागितलं तर आजूबाजूचे वळून बघतात. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करावी. दिवसात बरेच वेळा घालायचे असतील तर टिकवण्याचं रसायन नसलेले मागावेत, त्या रसायनानेच डोळा चिडतो. हात धुवावेत, मान मागे, खालची पापणी ओढून झोळी करावी, बाटलीचं टोक कुठेही टेकू न देता एकच थेंब. डोळ्यात एक पुरा थेंबही मावत नाही, उरलेला गालावर येतो. आणि बाटली फोडली की तिच्यावर स्केचपेनने तारीख लिहावी. बहुतेक बाटल्या फोडल्यापासून महिनाभरात टाकून द्यायच्या असतात.

सार्वजनिक प्रसंगी या थेंबांचा उपयोग मला उशिरा समजला. एका लांबच्या ओळखीच्या माणसाच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. पांझरेच्या काठाला समोरून वारा, माझ्या डोळ्यांना धार. मयताच्या मुलाने मला मिठी मारली आणि पुढे वर्षभर मला घरचा मानला. याउलट माझ्या थोरलीच्या लग्नात बिदाईच्या वेळी वारा पडलेला. सगळा मांडव रडतोय, व्याही रडतोय, बँडवाला नाक पुसतोय, आणि मी खडखडीत. आतून काय होत होतं ते माझं मला माहीत. वर थेंब आला नाही. लग्नाच्या व्हिडिओत मी साडेचार मिनिटं लोकसभेच्या उमेदवारासारखा उभा आहे. बायकोच्या माहेरी तो भाग अजून लावून बघतात.

धाकटीच्या लग्नात मी पूर्वतयारी केली. बाटली सदऱ्याच्या खिशात. बिदाईच्या पाच मिनिटं आधी घालावेत, दहा नको, सुकतात. व्हिडिओवाल्याला कोणत्या बाजूने उभं राहायचं ते सांगून ठेवलं. मांडवाच्या खांबाआड गेलो, मान मागे केली, आणि तेवढ्यात ती शोधत आली. डोळ्यांचं काजळ गालावर उतरलेलं, हुंदका थांबत नव्हता. तिने माझ्या हातातली बाटली घेतली, उजेडाकडे धरून स्केचपेनची तारीख वाचली.

"पप्पा, दीड महिना झाला ही फोडून," ती म्हणाली, आणि बाटली मांडवामागच्या पत्रावळींच्या ढिगात टाकून दिली.