पोटाची खोली

कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, घेताना माणूस वॅट विचारतो. विचारायला हवेत मिलिमीटर.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक आणलं आणि एसएमपीएसची रुंदी १५० मिलिमीटर, उंची ८६ मिलिमीटर अशी कायमची ठरून गेली. मागच्या चार स्क्रूंच्या जागाही ठरल्या. खोली साधारण १४० असायची. पण जसजसे वॅट वाढले तसतसं पोट मागे सुटत गेलं. आता १६० सर्रास, १८० वालेही भेटतात. थोडक्यात, चेहरा तीस वर्षं तोच, पोट ज्याचं त्याचं. मुलगी बघायला आलेल्या स्थळासारखं आपण फक्त चेहरा बघतो आणि होकार देतो.

माझं कॅबिनेट जुन्या वळणाचं. त्यात एसएमपीएस वर, आणि त्याच्या नेमका समोर डीव्हीडी ड्राइव्ह. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने हे ऐकलं आणि दयेने म्हणाला, “साहेब, कॅबिनेटच बदला ना.” त्याला काय सांगणार! या कॅबिनेटचा पत्रा असा आहे, की मी त्यावर उभा राहून ट्यूबलाइट बदलतो. हल्लीच्या काचेच्या कॅबिनेटवर चहाचा कप ठेवायलासुद्धा धीर होत नाही.

बाकी नवा एसएमपीएस स्वभावाने गरीब. मदरबोर्ड २० पिनांचा असेल, तर २४ पिनांच्या प्लगातला चार पिनांचा तुकडा गुमान बाजूला होतो. नव्याने जुन्याचा एवढा मान राखलेला मी घरात, ऑफिसात, कुठेच पाहिलेला नाही. एटीएक्सच्या आधी, एटीच्या जमान्यात, बोर्डाला पी८ आणि पी९ असे दोन सुटे प्लग लागत. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी यायला हव्यात. उलटं झालं की बोर्डाचा कारभार आटोपला. तेव्हाच्या पोरांना एकोणतीसचा पाढा येत नसे, पण ‘काळीशेजारी काळी’ झोपेतही येई.

तर नवा घरी आणून बसवायला घेतला. चेहरा चटकन बसला, चारही स्क्रू लागले. मग पोट डीव्हीडी ड्राइव्हला जाऊन भिडलं. शिवाय केबलींचा भारा: साटाचे प्लग पोत्याने, आणि त्यातले निम्मे कुणाला लावायचे हे माझ्या एकुलत्या हार्डडिस्कलाही कळेना. दोघांपैकी एकाला बाहेर जाणं भाग होतं. ड्राइव्ह गेला. जाताना त्याच्या पोटातून आमच्या लग्नाची सीडी निघाली.

बटण दाबलं. आवाजच नाही. जुन्या एसएमपीएसचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, म्हणून आई आतून ओरडली, “अरे, चालू कर की!” चालूच होता.

बायकोने सीडी पदराला पुसली, काढून ठेवलेल्या ड्राइव्हकडे पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे नवीन बसवायचं तर जुनं काढावं लागतं, हे कळतं तुम्हाला. मग रविवारी माळा घ्या.”