मजकूर इसम जहाजावर चढतो

२०२४ सालापासून अहिल्यानगर हे नाव धारण करणाऱ्या आमच्या अहमदनगर जिल्ह्यास विधात्याने आणि महसूल खात्याने मिळून चौदा तालुके, सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटरांचा, राज्यात सर्वांत मोठा असा विस्तार, कळसूबाईचे उत्तुंग शिखर, ऊस, कांदा आणि सहकार इतके सारे मुक्तहस्ताने बहाल केले. समुद्र तेवढा द्यावयाचा राहून गेला. नाही म्हणावयास भंडारदरा आहे, मुळा धरण आहे, शेवगावच्या अंगाने नाथसागराचा फुगवटा आहे. परंतु अथांग पाणी पाहून येथील मनुष्याच्या चित्तात जी भावना उचंबळते ती काव्याची नसून कालव्याचे पुढचे आवर्तन कधी सुटणार याची असते, आणि ज्या पाण्याचा पाट काढून उसास देता येत नाही, त्यावर पैसे भरून तरंगत राहणे हा प्रकार त्यास कमालीचा अनुत्पादक वाटतो.

तथापि नगरचा आणि दर्याचा संबंध अगदीच नव्हता असे नाही. निजामशाहीची राजधानी जरी सीना नदीच्या काठी होती, तरी तिचे बंदर चौल येथे होते, आणि तेथून अरबस्तानाकडे निघणाऱ्या गलबतास पोर्तुगीजांचा कार्ताझ नामक परवाना जवळ बाळगावा लागे. जहाज कोणते, नाखुदा कोण, माणसे किती, हत्यारे कोणती आणि मुक्काम कोठे, हा सारा तपशील त्यात दर्ज असे. तो नसला की जहाज मालासकट जप्त. मूर्तझा निजामशहाने १५७० साली चौल येथील पोर्तुगीजांच्या ठाण्यास वेढा घातला, महिनोन् महिने तोफा डागल्या, आणि दुसऱ्या वर्षी तह करून तो माघारी फिरला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हाच न्याय उलटा फिरवून परक्या जहाजांकडे स्वतःची दस्तके मागावयास प्रारंभ केला, तेव्हा इंग्रजांनी त्यांस चाचे म्हटले. म्हणजे कागद मागणारा तो अंमलदार की दरवडेखोर, हे तेव्हाही आपण खिडकीच्या कोणत्या बाजूस उभे आहो यावरच अवलंबून होते.

आमच्या समुद्रयानाचा कट माझ्या भाच्याने रचला. मंडळींत मी व माझे कुटुंब, माझे साडू राहुरी तालुक्यातील भाऊसाहेब व त्यांच्या पत्नी अक्का, आणि निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे एक स्नेही, ज्यांस सारा तालुका गुरुजी याच नावाने ओळखतो. पारपत्र आमच्यापैकी एकाजवळही नव्हते. "लागतच नाही," भाचा म्हणाला, "देशातल्या देशात जहाज जातं, सरकारी ओळखपत्र दाखवलं की झालं." प्रथम त्याने लक्षद्वीपचा बेत मांडला होता, परंतु त्या बेटांवर उतरण्यास १९६७ च्या नियमांन्वये परवाना लागतो आणि त्याकरिता आपल्या पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला आणावा लागेल असे त्याने सांगताच अक्का कडाडल्या, "आमच्या घरातलं कुणी सात पिढ्यांत ठाण्याची पायरी चढलं नाही, ते आता हौसेपायी चढायचं?" भाऊसाहेब मात्र बांधावरच्या एका जुन्या फौजदारी प्रकरणाच्या स्मरणाने जमिनीकडे पाहत राहिले. लक्षद्वीप रद्द झाले आणि मुंबई ते गोवा असा मार्ग सर्वानुमते मुक्रर करण्यात आला.

ओळखपत्रे गोळा करण्यास्तव भाऊसाहेबांच्या ओसरीवर जी सभा भरली तिचा वृत्तांत सविस्तर देणे प्राप्त आहे. लोखंडी ट्रंक उघडली गेली आणि तिच्यातून एकाच देहाचे निरनिराळे इसम एकामागून एक बाहेर येऊ लागले. आधार कार्डावर 'भाऊसाहेब' होते, जन्म १९४९. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नुसताच 'भाऊ' होता, जन्मतारीख १ जून १९५२. साखर कारखान्याच्या सेवापुस्तिकेत पुन्हा 'भाऊसाहेब', परंतु जन्म १९५५. या तफावतीस दुष्ट हेतू कारण नव्हता, परिस्थिती होती. कारखान्यातून निवृत्त होण्याची घाई कोणासच नसते, म्हणून तेथे प्रतिज्ञापत्र करून ते तीन वर्षांनी तरुण झाले. आणि आधार काढणाऱ्या मुलाने वय विचारले तेव्हा त्यांनी, दुष्काळ आणि चुलत्याचे लग्न यांचा आडाखा बांधून, जे प्रामाणिकपणे आठवले ते सांगितले. अक्कांचा मामला त्याहून बिकट होता. लग्नात त्यांचे नाव बदलले असल्यामुळे मतदार यादीत सासरची अक्का नांदत होती आणि आधारावर माहेरची.

भाऊसाहेबांचा खरा भरवसा होता तो सातबाऱ्याच्या उताऱ्यावर. "यात माझा गट नंबर हाये, विहिरीतला आठ आणे हिस्सा हाये, सोसायटीचा बोजासुद्धा हाये. जमीन टाकून माणूस पळून जाईल कुठं? याच्याहून मोठी वळख कोणती?" हा युक्तिवाद निरुत्तर करणारा होता, परंतु सातबाऱ्यावर जमिनीचा आकार असतो, भोगवटादाराचे मुखकमल नसते, हे भाच्याने त्यांस मोठ्या कष्टाने पटवले. पॅन कार्डावर मुख होते, पण पत्ता नव्हता. शिधापत्रिकेवर पत्ता होता, पण ती दाखवून धान्य उचलतात, नांगर नव्हे. अखेरीस गुरुजींनी निर्णय दिला की शाळा सोडल्याचा दाखला ही सर्व कागदांची जननी होय, सबब तिकिटे त्याबरहुकूम काढावीत. आणि भाच्याने, गुरुजींपुढे आजवर कोणाचेच काही चालले नसल्यामुळे, ती तशी काढली.

त्याच रात्री न्यू जर्सीतील आमच्या एका पुतण्याचा फोन आला. तिकडे म्हणे ज्या बंदरातून निघावयाचे त्याच बंदरात परत येणारे जहाज असेल, तर अमेरिकेच्या नागरिकास जन्माचा दाखला आणि एक छायाचित्राचे ओळखपत्र एवढ्यावर पारपत्रावाचून कॅरिबियन बेटे पाहून येता येतात. जन्माचा दाखला! आमच्या पिढीचा जन्म ज्या कोतवाल बुकात नोंदला गेला तेथे पुष्कळदा मोडी अक्षरांत बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' एवढाच मजकूर असे, कारण बारसे व्हावयाचे असे. त्या नोंदीच्या आधाराने जहाजावर चढावयाचे तर गावातील त्या महिन्याचे सगळेच मुलगे चढू शकले असते.

प्रवासास आरंभ नगरच्या स्थानकावर झाला. राज्य परिवहनाच्या गाडीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यास २०२२ पासून तिकीट माफ आहे, स्त्रियांस २०२३ पासून निम्मे. वाहकाने आधार पाहून भाऊसाहेबांच्या हाती शून्य रुपयांचे तिकीट ठेवले, आणि त्यांचेच वर्गबंधू असलेल्या गुरुजींनी निमूटपणे अर्धे भाडे मोजले. टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा मागे पडून माळशेज घाट उतरेपर्यंत गुरुजी बोलले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, की आपण तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणसेवक बोटीने गोव्यास गेलो तेव्हा तिकीट आणि वळकटी एवढ्यावरच काम भागले होते, तू कोण असे विचारले ते फक्त शेजारी पथारी टाकलेल्या मालवणच्या म्हातारीने, आणि तेही जेवायला वाढण्यापूर्वी.

बॅलार्ड पिअरच्या वातानुकूलित दालनात काचेमागे बसलेली मुलगी सौजन्याची मूर्ती होती, आणि सौजन्याने केलेल्या नकारास वाद घालता येत नाही. प्रथम तिने आम्हां मंडळींची पत्रे ओळीने मांडली व विस्मयाने विचारले, "आजोबा, तुम्हा सगळ्यांचा वाढदिवस एक जूनलाच?" गुरुजी पुढे सरसावले. ज्यांच्या लेखणीने निम्मा तालुका १ जूनला जन्मास आला तो हा पुरुष. शाळा जूनमध्ये उघडते, पोराचे वय त्या दिवशी पुरे भरलेले हवे, आणि बापास तिथीसुद्धा आठवत नाही, अशा स्थितीत दुसरे काय करावयाचे? "बाई," ते म्हणाले, "आमच्याकडे माणसं बारमाही जन्मतात, नोंदली जातात जूनमध्ये." अहिल्याबाई होळकरांचा जन्म चौंडी येथे १७२५ सालच्या ३१ मे रोजी झाला, तेव्हा गावोगाव शाळांची दाखलखारीज रजिस्टरे नव्हती म्हणून तो एक दिवस शाबूत राहिला, असे माझे नम्र मत आहे.

अक्कांच्या दोन नावांचा निकाल भाच्याने मोबाईलमधून विवाह नोंदणीचा दाखला काढून लावला. त्यानंतर जिल्ह्याचा प्रश्न उपस्थित झाला, कारण कार्डावर अहमदनगर आणि तिच्या पडद्यावरील यादीत अहिल्यानगर. येथे दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक आपण होऊन मदतीस धावला. तो पारनेरचा निघाला; मुंबईत जेथे जावे तेथे पारनेरचा मनुष्य असतोच. त्याने दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची असल्याची ग्वाही दिली, भाऊसाहेबांस गाव विचारले, गावात आळी कोणती, देवळाच्या अलीकडे की पलीकडे, अमक्याच्या मळ्याशेजारी का, असे करीत करीत तिसऱ्या मिनिटास त्यांच्या मेव्हण्याच्या व्याह्यापर्यंत येऊन पोचला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, माणूस खात्रीचा आहे." मुलगी कासावीस होऊन म्हणाली, "हो काका, पण तुमची खात्री आमच्या सिस्टिममध्ये टाकता येत नाही. तिकिटावर भाऊ आहे, वय वेगळं आहे. आधारवर भाऊसाहेब आहे. भाऊ कुठे आहेत?"

या प्रश्नाने क्षणभर सर्वत्र शांतता पसरली. सत्तर-पंचाहत्तर वर्षे ज्यास सर्वांनी साहेबपदासह हाक मारली तो गृहस्थ आता मूळच्या भाऊचा शोध घेण्यासाठी आपली पिशवी चाचपू लागला. सातबारा निघाला, सोसायटीचे पासबुक निघाले, उसाच्या वजनाच्या दोन पावत्या आणि पंढरपूरचा बुक्का निघाला. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या आत हात घातला, कोपरीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक कार्ड काढले आणि काहीशा संकोचाने काचेखालून पुढे सरकवले. तो ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना होता. थोरल्या मुलाच्या हाती ट्रॅक्टर द्यावयाचा नाही या एका निश्चयापायी भाऊसाहेब दर पाच वर्षांनी डॉक्टरचा दाखला जोडून त्याचे नूतनीकरण करीत आले होते. आणि मूळ अर्जास शाळेचा दाखला जोडला असल्यामुळे त्यावर भाऊ होता, १ जून १९५२ होता, पत्ता होता, आणि मिशांसह छायाचित्रही होते. मुलीने तिकिटाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले व उभे राहून म्हटले, "वेलकम, सर." शेकडो उतारू पुढेमागे असता, नांगरटीच्या परवान्यावर दर्यात शिरणारा तो बहुधा एकटाच होता.

जहाजाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. ते अनेक मजल्यांचे होते, त्यात पोहण्याचा तलाव होता, आणि भोवती एवढा समुद्र असता लोक तलावात का उतरतात हे अक्कांस परतेपर्यंत उमगले नाही. भाकरी मिळाली नाही. ठेचा आम्ही नेला होता.

पहिल्या संध्याकाळी कप्तान उतारूंच्या भेटीस आला. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, हस्तांदोलन, छायाचित्रे. भाऊसाहेबांची पाळी आली तेव्हा त्यांनी त्याचा हात धरून ठेवला आणि भाच्यास म्हणाले, "इचार त्याला, परवाना हाये का?" भाच्याने टाळाटाळ केली, पण हात सुटेना, तेव्हा त्याने विचारले. कप्तान मनापासून हसला आणि म्हणाला, अर्थातच आहे, परंतु तो वरती सुकाणूच्या दालनात कुलपात असतो.

"म्हंजे आत्ता जवळ नाय," भाऊसाहेब म्हणाले, आणि सदऱ्याच्या आत हात घालून आपला आहे ना याची त्यांनी खात्री करून घेतली.