ट्रकारोहण

सिंदखेडराजा-मेहकर रस्त्याने बीबीवरून जाणारा मालट्रक मालासाठी बांधलेला असतो. त्यात माणसाचा विचार चालकाच्या सीटपाशी संपतो. सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी लागल्यावर ताडपत्री ओढून दोर आवळायला कोणीतरी वर जातो, ही गोष्ट बॉडी बांधणाऱ्याच्या कानावर अजून गेलेली नसावी. आरोहणाचा रूढ मार्ग असा: आधी टायर, मग फाळक्याची कडी, मग हौद्याची कड, पुढे नशीब. मागून जायचे तर आडवा दांडा उपयोगी पडतो. धडकणारी मोटार ट्रकखाली शिरू नये म्हणून तो नियमाने बसवावा लागतो. हमालाला पायरी मिळाली ती अशी, मोटारवाल्यांच्या पुण्याईने.

फाळक्यावरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर राज्याने 2015 मध्ये बंदी घातली. तेव्हा फाळक्यावर काय लिहू नये, हे ठरले आहे. फाळक्याला धरायला काय असावे, हे ठरायचे आहे.

साडेतीन मीटर उंचीच्या थप्पीवरून सुटलेला माणूस सेकंदभरात जमिनीवर येतो, तोही ताशी सुमारे 30 किलोमीटर वेगाने. भरलेल्या ट्रकला हा वेग गाठायला जास्त वेळ लागतो. धोक्याचा क्षण दोर ओढण्याचा. अंग मागे झोकून जोर लावलेला असतो, गाठ निसटते, आणि मागे हौदा संपलेला असतो. केबिनमधून उतरताना तोंड केबिनकडे हवे, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. प्रत्यक्षात एका हातात मोबाइल असतो, दुसऱ्यात डबा, आणि उतरणे म्हणजे उडी.

उपाय अवघड नाहीत. मुळात चढावेच लागू नये: जमिनीवरून हँडल फिरवून सरकणारी ताडपत्री, हौद्याच्या उंचीचा गोदामाचा ओटा. ते नसेल तर पक्की शिडी, खरखरीत पायऱ्या, दोन्ही बाजूंना दांडी. मग कमरेचा पट्टा. ‘सावकाश चढा’ हा फलक सर्वांत शेवटी. व्यवहारात सुरुवात फलकापासून होते, कारण तो स्वस्त पडतो. आणि तिथेच थांबते.

वर चढलेल्याला मालावरच बसवून नेणे ही पुढची पायरी. 20 ऑगस्ट 2021 ला याच पट्ट्यात, दुसरबीडजवळ तढेगाव परिसरात, समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला. लोखंड आणि मजूर एकाच गाडीत होते. 13 मजूर गेले. एरवीही लोखंडाची नोंद चलनावर होते, मजुरांची दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात.

कायद्यांची वाण नाही. कामावर इजा झाल्यास भरपाईचा कायदा 1923 मध्येच आला, हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे. अडचण एवढीच की पडलेला माणूस कोणाचा, हे आधी ठरावे लागते. ट्रकमालक म्हणतो अडत्याचा, अडत्या म्हणतो मुकादमाचा, आणि मुकादम विचारतो, त्याला वर चढायला सांगितले कोणी?