नमुना

आमच्या घराण्यात लग्न ठरलं की पहिला फोन हॉलवाल्याला जातो, दुसरा गुरुजींना. तिसरा करावा लागत नाही, तो येतो. "वहिनी, चव बघायला कधी निघायचं?"

हे भाऊजी. माझे मधले दीर, वजनमापे खात्यातून निवृत्त. ज्याच्या खिशातून लग्नाचा एक रुपया जात नाही आणि ज्याला घरातला गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो हे ठाऊक नाही, पण ज्याने मान हलवल्याशिवाय केटररला आगाऊ रक्कम द्यायची कोणाची छाती होत नाही, असा एक पुरुष प्रत्येक घरात असतो. कुठे तो मामा असतो, कुठे आत्याचे यजमान. मसालेभाताच्या पहिल्या घासाला "दगडफूल कमी पडलंय" असं म्हणतो. दगडफूल समोर ठेवलं तर ओळखणार नाही. पण म्हणतो अशा आवाजात, की आचारी पुढच्या वेळी मूठभर जास्त घालतो.

भाऊजींनी आजवर जिलब्या, मठ्ठे, अळूची भाजी सगळं तपासलं होतं. केक राहिला होता. तो आमच्या लेकीने आणला. रिसेप्शनला तीन मजली केक हवा म्हणाली. सासूबाईंनी विचारलं, "लग्न आहे की वाढदिवस?" आमच्या ह्यांनी किंमत विचारली. भाऊजींनी काहीच विचारलं नाही. डायरी काढली.

दोन दिवसांनी ते अभ्यास करून आले. "वहिनी, राणी व्हिक्टोरियाचा केक. साल १८४०. वजन ३०० पौंड. म्हणजे आपले १३६ किलो!" वजनाचा आकडा सांगताना त्यांचा गळा नेहमीच भरून येतो. "आणि एलिझाबेथचा, १९४७ चा, नऊ फूट उंच. तिकडे तेव्हा साखर रेशनवर. तर ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनी सामान पाठवलं."

"आपला किती किलोचा?" हे पेपराआडून म्हणाले.

"चार."

"मग राणीला कशाला मध्ये घेतोस?"

पहिलं दुकान ठाण्याचं, काचेचं, आत शिरताच थंडी वाजणारं. तिथल्या मुलाने बशीत पाच तुकडे मांडले आणि लाकडी चमचे दिले. भाऊजींनी शर्टाच्या खिशातून स्वतःचा स्टीलचा चमचा काढला. "लाकडाने सगळ्याला आइस्क्रीमच्या काडीची चव येते," ते मला म्हणाले, "आणि प्लास्टिकचा मागायची सोय नाही, २०१८ पासून बंदी आहे महाराष्ट्रात." मग डोळे मिटले. भाऊजींचं चव घेणं ही बघण्यासारखी गोष्ट आहे. आधी भुवया वर जातात, मग जबडा डावीकडे सरकतो, मग बराच वेळ काहीच होत नाही आणि समोरचा दुकानदार घाम पुसायला लागतो.

"हा लाल कशाने?"

"सर, रेड व्हेल्वेट."

"ते नाव झालं. लाल कशाने?"

मुलगा आत जाऊन विचारून आला. थोडा कोको आणि खायचा रंग. "म्हणजे चॉकलेटच्या केकला कुंकू लावलंय," भाऊजी म्हणाले आणि तो तुकडा संपवला. त्यांनी नापास केलेला कुठलाही पदार्थ बशीत उरलेला मी अजून पाहिलेला नाही.

मग त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "किलोचा भाव सांगितलात. तो पुठ्ठ्यासकट की पुठ्ठ्याशिवाय?" मिठाईच्या खोक्याचं वजन मिठाईत धरता येत नाही, या नियमावर त्यांनी नोकरीची उमेदीची वर्षं काढली होती, दिवाळीच्या आठवड्यात ते धाडीवर असत आणि आमच्याकडे फराळाला भाऊबीजेला उगवत. मुलाने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने आम्हाला पाणी दिलं. आम्ही बाहेर पडलो.

दुसरी डोंबिवलीतलीच, आमच्यामागच्या सोसायटीतली. कॉम्प्युटरची नोकरी सोडून घरच्या घरी केक करणारी पोरगी. हॉलमध्ये सोफ्याच्या जागी ओव्हन, आणि तिची सासू बेडरूममध्ये जपमाळ घेऊन बसलेली, कारण बसायला दुसरी जागाच उरली नव्हती. पोरीला भाऊजींनी आल्याआल्या सांगितलं, "अंडं अजिबात चालणार नाही. आमची आई आहे." त्यांच्या आईला मी नीट ओळखते, त्या माझ्या सासूबाई आहेत. आणि भाऊजींना रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या गाडीवर आम्लेट-पाव खाताना निम्मी डोंबिवली ओळखते. पण ते डॉक्टरांनी सांगितलेलं आहे.

पोरगी हुशार. अंड्याऐवजी दही आणि सोडा कसा वापरायचा, कंडेन्स्ड मिल्कने स्पंज ओलसर कसा राहतो, सगळं तिने समजावलं. भाऊजी ऐकत होते, चमचा चालू होता. मग त्यांची नजर वरच्या गुळगुळीत पांढऱ्या थरावर गेली. फॉन्डंट. "यात जिलेटिन असतं ना? कशापासून करतात, माहीत आहे?" आणि तिने उत्तर द्यायच्या आत त्यांनीच सांगितलं, हाडं आणि कातडी. बेडरूममधली जपमाळ थांबली. ती बिचारी म्हणाली, "काका, माझं व्हेज आहे, डब्यावर हिरवा ठिपका आहे, दाखवते." डबा आला. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवून ठिपका तपासला, डबा उलटा करून निव्वळ वजनही तपासलं आणि प्रसन्न झाले.

तिथेच केकमधलं खरं गुपित कळलं. लग्नाच्या उंच केकमधले काही मजले पुष्कळदा खोटे असतात. आत थर्माकोल, वर फॉन्डंट, लांबून कोणाला कळत नाही. पोरीने हे सहज सांगितलं आणि भाऊजी जाग्यावर ताठ झाले. "म्हणजे दिसतील तीन मजले आणि पैसे एकाचे?"

"थर्माकोललाही फॉन्डंट लागतो काका, मेहनत तेवढीच असते."

"पण पोटात जाणारं वजन एका मजल्याचं!" जन्मभर दुकानदारांची तूट पकडणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच तूट गिऱ्हाइकाच्या फायद्याची सापडली होती.

तिथेच ठरवून टाकायचं. पण तिसऱ्या ठिकाणी गेल्याशिवाय ठरवणं भाऊजींच्या शास्त्रात बसत नाही. माझी ऑफिसातली मैत्रीण वसईची, ख्रिस्ती. तिच्या लग्नाचा केक ज्यांनी केला होता त्या बाई अजून करतात, म्हणाली. कोपरहून दिवा-वसई गाडी पकडून आम्ही गेलो. मागे केळीची वाडी, पुढे ओटी, ओटीवर सत्तरीच्या पुढच्या बाई, चष्म्याला दोरी. ज्यांच्याकडे लग्नाचा केक ही कालपरवाची हौस नाही, आजीच्या लग्नापासून चालत आलेली गोष्ट आहे, त्यांच्याकडे नमुन्यांची बशी येत नाही, हे मला तिथे समजलं. बाईंनी डब्यातून एकच तुकडा काढला. काळपट, जड. कडेला बदामाऐवजी काजूचं मार्झिपान.

"ही तर काजूकतली," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी खालचा भाग तोंडात टाकला.

भुवया वर गेल्या. जबडा सरकला. आणि मग काहीच झालं नाही, नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ.

"द्राक्षासवासारखं लागतंय," ते शेवटी हळूच म्हणाले.

"रम आहे," बाई म्हणाल्या. "मनुका, बेदाणे महिनाभर भिजत ठेवते. इंग्रज लोक वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यापर्यंत राखून ठेवायचे. असा केक असला तर टिकतो."

"अंडं?"

"असणारच. बिनअंड्याचा मी करत नाही, भाऊ. ढोकळा हवा असेल तर शेजारची पोर चांगला करते."

भाऊजींना उत्तर सुचलं नाही, असं चाळीस वर्षं त्यांची वहिनी असलेल्या मी पहिल्यांदा पाहिलं. पुठ्ठ्याचा प्रश्नही त्यांनी विचारला नाही. त्यांनी एक किलो विकत घेतला, रोख पैसे देऊन. "जुन्या ऑफिसातल्या मित्रांना," ते गाडीत म्हणाले. कामण रोड स्टेशन येईपर्यंत खोक्याची दोरी सुटली होती.

काम अर्थातच डोंबिवलीच्या पोरीला मिळालं. खालचा मजला चार किलोचा, खरा. वरचे दोन थर्माकोलचे. रिसेप्शनला केक आला तेव्हा हॉलमध्ये कौतुकाची लाट उठली. पोरीने खालच्या मजल्यावर कापायची जागा फुलाने दाखवून ठेवली होती. पण फोटोग्राफरला उजेड वर हवा होता आणि भाऊजी व्यासपीठावर होते. "वरून कापा, वरून! फोटो नीट येतो!" लेकीने माझ्याकडे बघितलं. जावयाने सुरी लावली. थर्माकोलचा तो आवाज, दातांतून जाणारा, माइक जवळ असल्यामुळे मागच्या रांगेपर्यंत गेला.

व्याही, विहीणबाई, शंभर पाहुणे. सगळे भाऊजींकडे बघत होते. ते डगमगले नाहीत.

"एगलेस आहे ना," त्यांनी जाहीर केलं, "जरा घट्टच होतो."

आणि लोकांनी मान डोलावली हो!

तुमच्याकडे या मोसमात लग्न असेल तर कळवा. शनिवार-रविवार मोकळे असतात. मानधन घेत नाहीत, चमचा स्वतःचा आणतात. फक्त वसईला न्यायचं असेल तर मला आधी सांगा, मीही येते.