नसेल तर?

स्विफ्ट ही ॲपलची प्रोग्रॅमिंग भाषा २०१४ साली आली, ती जन्मजात संशयी स्वभाव घेऊनच. मजकुराचा पूर्णांक करून मागितला, तर ती आकडा सरळ हातावर ठेवत नाही. ‘ऑप्शनल’ देते: असलाच तर आकडा, नाहीतर निल, म्हणजे काहीच नाही. आत काय आहे ते उघडून पाहिल्याशिवाय साधी बेरीजही करू देत नाही.

संशयाला कारण आहे. समजा, ॲपमध्ये वय विचारलंय. इंग्रजी आकड्यांतलं वय तिला कळतं. अक्षरी ‘अठ्ठ्याहत्तर’ लिहिलं की निल. देवनागरीत ‘७८’ लिहिलं तरी निलच. (वयाच्या रकान्यात मराठी कीबोर्ड वापरणारे आजोबा टेस्टिंगच्या वेळी कुणाला आठवतात?)

सरळमार्गी प्रोग्रॅमर इथे ‘गार्ड लेट’ लिहितो: आकडा मिळाला तर पुढे चला, नाहीतर आजोबांना पुन्हा विचारा. दोन-चार ओळी जास्त, एवढंच. पण डेमो तासाभरावर आलेला असतो आणि कोड लिहायच्या एक्सकोडमध्ये तांबडी एरर डोळे वटारून बसलेली असते. तिच्यावर क्लिक केलं की एक्सकोड स्वतःच दोन तयार उपाय पुढे करतं.

पहिला उपाय उद्गारचिन्हाचा. “आहे म्हणतोय ना मी!” असं कंपायलरला दरडावायचं. निल निघाला तर प्रोग्रॅम बंद पडेल, हे एक्सकोड तिथेच लिहून देतं. पण अटी-शर्ती वाचतो कोण? कंपायलर गप्प बसतो, आजोबा ७८ टाइप करतात, ॲप कोसळतं.

दुसरा उपाय दोन प्रश्नचिन्हांचा: निल असेल तर त्याऐवजी अमुक धरा. अमुक म्हणजे बहुधा शून्य. ॲप आता कोसळत नाही. आजोबांना पोलिओच्या डोसाची आठवण तेवढी पाठवतं. हा उपाय जास्त घातक, कारण तो शहाणपणाचा दिसतो.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत ‘नल’, म्हणजे या निलचाच पूर्वज, घातला, कारण घालणं सोपं होतं. २००९ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. त्या अब्जातले थोडे कॅलिफोर्नियातल्या एका सुरक्षा-संशोधकाच्या नावावर निघाले. त्याने हौसेने गाडीला ‘नल’ अशी नंबरप्लेट घेतली, आणि ज्या दंडपावत्यांवर गाडीचा नंबरच नव्हता त्या त्याच्या दारात येऊन पडू लागल्या. रक्कम गेली १२ हजार डॉलरांच्या घरात. त्याने दाद मागितली, तेव्हा सरकारी खात्याने सल्ला दिला: नंबरप्लेट बदला.