दोन-चार आणि ४.५१

दहा मीटर एअर पिस्तूल हा माझ्या माहितीतला एकमेव खेळ, ज्यात मोकळा हात पँटच्या खिशात घालून ऐटीत उभं राहणं हा तंत्राचा भाग समजला जातो. पन्नाशी उलटल्यावर मुलुंडच्या एका तळघरातल्या रेंजवर मी नाव घातलं ते निव्वळ त्या खिशासाठी. श्वास, नेम, ट्रिगर वगैरे किरकोळ गोष्टी हळूहळू येतील असा हिशेब होता. खिसा पहिल्याच दिवशी जमला.

किरकोळ गोष्टी अजून यायच्या आहेत. २०२४ साली पॅरिसला मनू भाकरने कांस्यपदक मिळवल्यावर शाळकरी पोरांना उत्साह आलाय. माझ्या शेजारच्या लेनमध्ये नववीतली एक मुलगी असते. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. तेवढ्याशा जागेत तिच्या गोळ्या एकमेकींच्या अंगावर पडतात. माझ्या गोळ्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

अशा वेळी दोष माणसात शोधणारे लोक असतात. मी तो डबीत शोधला. पेलेटच्या डबीवर एक बारीकसा स्टिकर असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. हे पेलेटच्या डोक्याचं माप, मिलिमीटरमध्ये. माझ्या डबीवर ४.५० होतं. म्हणजे मी आणि पदक यांच्यामध्ये एक शतांश मिलिमीटर आडवा पडला होता आणि मला कोणी बोललं नव्हतं.

यामागे शास्त्र आहे, हसू नका. नळी पोलादी, शिसं मऊ. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. गोळी केसभर मोठी असली की त्या खाचांत दाबून बसते, नीट गिरकी घेते आणि मागची हवा कडेने निसटत नाही. परदेशात घरी काडतुसं भरणारी हौशी मंडळी हेच करतात. ३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरला तांब्याच्या कवचाची गोळी ०.३५७ इंचाची, पण ओतीव शिशाची घालायची तर ०.३५८. तिथे मागे तापलेला वायू असतो. फट राहिली तर तो शिशाच्या कडा वितळवून नळीभर माखतो. (नाव ३८ आणि माप ३५७! माप फुगवून सांगायची हौस फक्त माणसालाच असते असं नाही.) उलट १८५७ची एनफिल्ड बघा. तोंडाकडून ठासायची बंदूक, म्हणून गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान. ती फट भरायला भोवती कागद, कागद सरकावा म्हणून त्याला चरबी. पुढचं आपण शाळेत शिकलो. सैल मापाने साम्राज्यं हलतात.

मला हे चटकन कळलं, कारण आमच्या घरी हे शास्त्र आईकडे होतं. घाटकोपरच्या आमच्या चाळीत श्रावण लागला की कासार यायचा. बांगडीची मापं दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. म्हणजे दोन इंच आणि वर चार, सहा किंवा आठ सोळांश. आईचा हात सरळसरळ दोन-सहाचा. आई मागायची दोन-चार. कासार एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघायचा, एकदा हाताकडे, आणि सुस्कारा टाकून म्हणायचा, "बसा वहिनी." मग साबणाचं पाणी यायचं. अंगठा तळव्यात दुमडून, बोटांची हाडं एकमेकांत सरकवत तो बांगडी अशी चढवायचा की जिन्यावरच्या बायका भाजी निवडायची थांबवायच्या. आई ओठ मिटून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायची. डझनात दोन-तीन बांगड्या वाढायच्याच. त्यांचे पैसे कोणी द्यायचे यावर जो वाद व्हायचा, तो मला श्रावणातल्या सगळ्या गोडधोडापेक्षा प्रिय होता. कासार म्हणायचा, "दोन-सहा घेतल्या असत्या तर?" आई म्हणायची, "तुमची काच कच्ची आहे." काका मध्ये पडायचे, निम्म्यावर तुटायचं. हात चांगला दोन दिवस लाल. मी एकदा विचारलं, एवढा त्रास कशाला? तर म्हणाली, "सैल बांगडी हातात नुसती नाचते."

शेवटी शेवटी तिच्या हातावरचं मांस गेलं. दोन-चारची बांगडी आधी साबणाशिवाय चढायला लागली, नंतर हात वर केला की कोपरापर्यंत धावायची. आम्ही डॉक्टरांच्या कागदावरचा वजनाचा आकडा वाचून गप्प बसायचो. आणि ती हात नाचवून दाखवायची, "बघ! दोन-चारच आहे माझं माप. तो कासार लुच्चा होता." मी म्हणायचो, "होय, लुच्चाच." त्या माणसाची यात काहीही चूक नव्हती, पण तेव्हा मला त्याचा खरोखर राग यायचा.

असो. ४.५१ची डबी मागवली. आमच्या रेंजवरचे सर माझ्या निम्म्या वयाचे असून मला काका म्हणतात. त्यांनी माझं पिस्तूल व्हाइसमध्ये आवळलं आणि दोन्ही डब्यांतली पाच-पाच पेलेट झाडली. दोन्ही कागदांवर एकेकच भोक.

"काका, पिस्तुलाला फरक कळत नाहीये."

"त्याला नसेल कळत," मी म्हटलं, "मला कळतो."

नववीतली मुलगी तेव्हा डबीवरचं माप न बघताच पेलेट भरत होती. या पिढीला बारकाव्यांची कदर नाही.

चेक बनावटीची ४.५२ डोक्याचीही पेलेट मिळतात. ती गोल डोक्याची असतात आणि कागदाला स्वच्छ भोक पाडत नाहीत, हे मला कुणी समजावू नये. माझी भोकं स्वच्छ आहेत, तक्रार त्यांच्या पत्त्याबद्दल आहे. अंधेरी-बोरिवलीकडे कुणाकडे अशी एखादी डबी पडून असेल तर कळवा. रिक्षाचे पैसे मी देईन.