विका, पण आम्हाला विचारून

बेसबॉलचा संघ विकला गेला की विकणाऱ्याला पैसे मिळतात, घेणाऱ्याला संघ मिळतो आणि या व्यवहाराशी कायद्याने ज्याचा काडीचा संबंध नाही त्या चाहत्याला आनंदाचं भरतं येतं. २०२० च्या नोव्हेंबरात विल्पन कुटुंबाने न्यूयॉर्क मेट्स हा संघ स्टीव्ह कोहेन यांना सुमारे २४० कोटी डॉलरला विकला, तेव्हा मेट्सवाल्यांना इतका हर्ष झाला की जणू ती रक्कम त्यांच्यातच वाटली जाणार होती. विल्पन म्हणजे बर्नी मेडॉफच्या घोटाळ्यात हात पोळलेलं घराणं. बॉबी बोनिया या खेळाडूला ५९ लाख डॉलर देऊन मोकळं होण्याऐवजी ‘सावकाश देऊ, व्याजासकट देऊ’ असा हिशेब त्यांनी केला, आणि त्यापायी कधीच निवृत्त झालेल्या बोनियाला २०११ ते २०३५ अशी २५ वर्षं दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर पोचते व्हायचे आहेत. कोहेन यांनी आल्या आल्या ट्विटरवर सुचवलं, की दरवर्षी बोनिया दिन साजरा करू, त्याला भलामोठा चेक देऊ आणि गाडीतून मैदानाला फेरी मारायला लावू. मालकाला विनोद कळतो, एवढ्यावर लोक विरघळले. कोहेन यांच्यावर स्वतःवर फौजदारी खटला झाला नसला, तरी त्यांच्या आधीच्या कंपनीने २०१३ मध्ये इनसायडर ट्रेडिंगचा गुन्हा कबूल केला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तत्त्वांचं काय, ती माझ्याकडेही बरीच आहेत. चांगला पिचर मिळत असेल तर ती थोडा वेळ बाजूला ठेवता येतात.

दुसऱ्याचे पैसे कसे खर्च करावेत हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही, आणि प्रत्येक चाहत्याचं स्वतःबद्दल नेमकं हेच मत असतं. मालक म्हणजे आपल्या सल्ल्याची वाट बघत बसलेला श्रीमंत पण अडाणी माणूस, अशी आमची प्रामाणिक समजूत. कोहेन तर लहानपणापासूनचे मेट्सचे चाहते, म्हणजे आमच्यातलाच माणूस गादीवर बसलेला. मग काय झालं? ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी जाहीरपणे कुरकुर केली, की व्यावसायिक बॅटर इतके निकामी कसे असू शकतात. अरे, हे तर आम्ही फुकट करत होतो! २०२३ मध्ये त्यांनी बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यात महागडा संघ उभा केला, त्यावरच्या नुसत्या लक्झरी टॅक्सपोटी १० कोटी डॉलरहून अधिक भरले, आणि संघ ७५ सामने जिंकून ८७ हरला. तीन ते पाच वर्षांत अजिंक्यपद आलं नाही तर आपण थोडे निराश होऊ, असं ते सुरुवातीला म्हणाले होते. पाच हंगाम उलटले, अजिंक्यपद आलं नाही. यातून निघणारा निष्कर्ष माझ्या अहंकाराला झेपण्यासारखा नाही, तरी सांगतो: चाहत्याला मालक केलं तरी तो चाहताच राहतो, फक्त त्याची चिडचिड महाग पडते.

नव्या मालकाचं स्वागत किती डोळे मिटून होतं याचा पुरावा हवा असेल तर चार्ली फिनली यांच्याकडे जावं लागतं, आणि मला तर निमित्तच हवं होतं. विमा विकून श्रीमंत झालेल्या या गृहस्थाने १९६० च्या डिसेंबरात कॅन्सस सिटी ॲथलेटिक्स हा संघ घेतला. आधीचा मालक चांगले खेळाडू न्यूयॉर्क यँकीजना देऊन टाकायचा, म्हणून फिनलीने एक जुनी बस आणली, तिचं तोंड न्यूयॉर्कच्या दिशेला केलं आणि ती पेटवून दिली. झालं, गाव खूश! काही महिन्यांत बड डेली हा पिचर यँकीजकडेच रवाना झाला. संघ गाव सोडून जाऊ शकेल असं कलम मैदानाच्या करारात होतं. तो करारही त्याने वाजतगाजत जाळला. नंतर कळलं की जळाला तो कोरा छापील फॉर्म होता, खरा करार शाबूत. मग त्याने एक खेचर आणलं, त्याला स्वतःचं नाव दिलं, ‘चार्ली ओ’, आणि ते हॉटेलांच्या लॉबीतून, पार्ट्यांतून मिरवलं. पत्रकारांचा राग आला की त्यांच्या खोलीतही नेऊन उभं केलं. (ही प्रथा आपल्याकडे आली नाही याबद्दल संपादक मंडळी देवाचे आभार मानोत.) १९६८ मध्ये खेचरासकट संघ ओकलंडला गेला. तिथे १९७२ मध्ये मिशा वाढवणाऱ्या खेळाडूला ३०० डॉलर बक्षीस लागलं, आणि रॉली फिंगर्सच्या पीळदार मिशा अजरामर झाल्या. संघ १९७२, १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ तीन वर्षं अजिंक्य ठरला. मैदानाबाहेर नाचणाऱ्या एका पोराला फिनलीने हाताशी धरलं; मालक शिकागोत, आणि पोरगा फोनवरून त्याला सामना ऐकवतोय. तोच पुढे रॅपर एमसी हॅमर म्हणून जगाला माहीत झाला. आणि १९७९ च्या एप्रिलमधल्या एका सामन्याला याच संघाची ६५३ तिकिटं विकली गेली. फिनलीबद्दल आणखी पानभर लिहायची माझी तयारी आहे, पण मुद्दा एवढाच: ज्याने गावाला फसवलं त्यानेच संघाला जिंकून दिलं, आणि जिंकून दिलं तरी त्याच्या स्टेडियममध्ये काळं कुत्रं फिरकेना.

तेव्हा मालकाच्या गुणांवरून संघाचं भविष्य सांगणं हा शुद्ध ज्योतिषाचा प्रकार आहे. फिनलीनंतर १९८० मध्ये वॉल्टर हास आले. लिव्हाय स्ट्रॉस कंपनी त्यांच्या घराण्याची, म्हणजे जीन्सवाले. त्यांनी संघ गावात रुजवला, १९८९ चं अजिंक्यपद आणलं, १९९० मध्ये हंगामभरात २९ लाख प्रेक्षक खेचले. ओकलंडचे लोक आजही त्यांचं नाव आदराने घेतात. २००५ मध्ये मालकीत आले जॉन फिशर, पुढे संघ ओकलंडबाहेर नेणारे. त्यांच्या आईवडिलांनी गॅप कंपनी काढली. गॅपचं पहिलं दुकान १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उघडलं आणि तिथे विकायला होत्या लिव्हाइसच्याच जीन्स. एक विजारवाला देवमाणूस, दुसरा विजारवाला गावाचा शत्रू, कापड तेच! माणूस चांगला निघाला तर आपलं नशीब, वाईट निघाला तर आपलं कर्म. मालकबदलावर नाचायचं तरी कशाला आणि रडायचं तरी कशाला, असं कुणी शहाणा म्हणेल.

शहाण्याचं पुढचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे: धंदा आहे, पैसा मालकाचा, जोखीम मालकाची, नाही पटत तर दुसरा संघ बघा. दिसायला बिनतोड आहे, पण हिशेबात गडबड आहे. १९८० मध्ये मेट्सची किंमत दोन कोटी अकरा लाख डॉलर होती, ४० वर्षांत ती शंभर पटींहून अधिक झाली, आणि त्या ४० वर्षांत संघाने अजिंक्यपद एकदाच मिळवलं, १९८६ मध्ये. वाढलं ते काय? बापाने पोराला नेलं, त्या पोराने आपल्या पोराला नेलं, हरणाऱ्या संघाची टोपी घालून लोक लग्नाच्या फोटोत उभे राहिले. टीव्हीवाले पैसे मोजतात ते या सवयीचे. मालक विकतो त्यातला मोठा हिस्सा हा चाहत्यांचा लळा असतो, आणि त्या लळ्याची पावती कुणाकडेच नसते. राहिली दुसऱ्या संघाची गोष्ट. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळं ठेवलं. आज संघ ३०, आणि एकतिसावा हवा असेल तर परवानगी द्यायची त्याच मालकांनी. एकच दुकान असलेल्या गावात ‘नाही पटत तर दुसरीकडे जा’ म्हणणाऱ्याला व्यापारी म्हणत नाहीत.

यावर शहाणा म्हणतो, ओकलंडचे लोक सामन्यालाच जात नव्हते, मग संघ गेला तर रडता कशाला? याचं उत्तर त्यांनी १३ जून २०२३ च्या रात्री दिलं. रिकामं स्टेडियम दाखवून फिशर यांचं संघ लास व्हेगसला न्यायचं चाललं होतं, म्हणून लोकांनी उलटा बहिष्कार घातला, म्हणजे ठरवून गर्दी केली. २७,७५९ माणसं आली, हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द: ‘सेल’, म्हणजे विका. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला पहिला बॅटर उभा असेपर्यंत सगळे गप्प राहिले, आणि मग ‘संघ विका’ची गर्जना सुरू झाली. कुणाला विका, केवढ्याला विका, याची कुणाला पर्वा नव्हती. संघ २-१ असा जिंकलाही. त्याच रात्री नेवाडाच्या सिनेटने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरच्या सरकारी पैशाला मंजुरी दिली. बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी खवचटपणे शेरा मारला, की एका रात्रीपुरती का होईना, जवळजवळ सरासरीइतकी गर्दी बघून बरं वाटलं. नोव्हेंबरात संघ हलवू द्यावा का यावर मालकांचं मतदान झालं: होकार ३०, नकार शून्य. आतापर्यंत मी चाहत्यांना हसत होतो, पण या शेऱ्यावर मला हसू येत नाही. माणसं आपलं प्रेम सिद्ध करायला तिकीट काढून आली आणि त्यांना हजेरीपट दाखवला गेला.

आता माझ्या निःपक्षपातीपणाची परीक्षा. व्हेगसचं स्टेडियम होईपर्यंत हा संघ २०२५ पासून वेस्ट सॅक्रामेंटोच्या ज्या छोट्या मैदानावर खेळतो, ते आहे विवेक रणदिवे यांच्या गटाकडे. आडनाव रणदिवे, जन्म मुंबईचा! इतका वेळ मी पोटतिडकीने सांगत होतो, की ज्याच्यावर आपला हक्क नाही त्याला ‘आपला’ म्हणणं हा भाबडेपणा आहे. पण रणदिवे नाव दिसताच ‘आपला माणूस’ म्हणून माझा ऊर भरून आला, आणि ओकलंडची बाजू जरा नीट तपासून पाहावी असंही वाटू लागलं. याच रणदिव्यांनी २०१३ मध्ये सॅक्रामेंटोचा बास्केटबॉल संघ सिएटलला जाण्यापासून वाचवणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं होतं. एका गावाचा संघ वाचवणं आणि शेजारच्या गावाच्या सुटलेल्या संघाला आसरा देणं, दोन्ही कामं एकच माणूस मनापासून करू शकतो. म्हणून माझी भिस्त माणसांवर नाही, नियमावर आहे.

नियम साधा असावा: विका, हवं तर न्या, पण नाव, रंग आणि विक्रम गावात ठेवून जा. चार पिढ्या मुंबईत काढूनही आपल्याकडचा माणूस आडनावातलं गाव सोडत नाही. या संघाने तर सामान हलवतानाच गावाचं नाव टाकलं, आणि सध्या तो नुसता ‘ॲथलेटिक्स’ म्हणून खेळतो. अशा अटीवर संघ घेणार कोण, असं कुणी विचारेल. क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेला तो ब्राउन्स हे नाव मागे ठेवून, आणि रेव्हन्स या नव्या नावाने पाच वर्षांत सुपर बोल जिंकला. मालकाचं काही बिघडलं नाही. क्लीव्हलंडला १९९९ मध्ये नवा ब्राउन्स मिळाला. २०१७ च्या हंगामात त्याने १६ पैकी १६ सामने हरून दाखवले, तेव्हा कडाक्याच्या थंडीत हजारो क्लीव्हलंडकरांनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकाराची मिरवणूक काढली आणि मालकाचा यथेच्छ उद्धार केला. ओकलंडला अजिंक्यपद नको होतं, चांगला मालकही नको होता. ज्याला वर्षभर मनसोक्त शिव्या देता येतील असा एक मालक गावात हवा होता, आणि एवढ्या माफक मागणीला ३० पैकी एकाही मालकाने होकार दिला नाही.